गिरजाबाईंच्या बोलण्याखाली

टीव्हीवर पिक्चर लागला आणि त्यात गाणं सुरू झालं की आप्पा उठून बाहेर जायचे. ओट्यावर उभे राहून सुपारी कातरायचे. गाणं संपलं की अडकित्ता खिशात टाकून लगबगीने परत आत. बाकीचं जग गाणं लागलं की हातातलं पीठ तसंच ठेवून टीव्हीपुढे येतं आणि हा म्हातारा गाण्यापुरता घराबाहेर, हे मी पहिल्यांदा माझ्या दारातून पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांच्या डोक्यात काही बिघाड असावा.

"गाणं काय, समद्याला मिळतं," ते म्हणायचे. "रेडिओवर हाय, लग्नात हाय, भेळीच्या गाड्यावर हाय. दोन गाण्यांच्या मधी जे वाजतं त्येला कुणी वाली न्हाई. त्येची तबकडीबी काढत न्हाईत."

केजला बाजाराच्या मागच्या गल्लीत आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानामागे दोन खोल्या. एकीत ते एकटे राहायचे, दुसरी आम्ही भाड्याने घेतली होती. माझे मालक अंबाजोगाईच्या रस्त्यावर जीप चालवतात आणि मी घरी ब्लाउज शिवते. दोन्ही खोल्यांत एकच भिंत, तीही एका विटेची. तिकडे आप्पा शिंकले तरी इकडे कळायचं.

राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. दुपारी मी मशीन चालवत बसले होते, तेवढ्यात आप्पा दारात आले. धोतराचा सोगा हातात, चेहरा घाबराघुबरा.

"बाई, मशीन जरा थांबवता का? ती इहिरीवर निघालीय!"

कुठली तरी बाई जीव द्यायला निघाली असं मला वाटलं. मी तशीच अनवाणी बाहेर पळाले आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन इकडेतिकडे बघू लागले. मागून आप्पाही पळत आले.

"आवं बाई, कुठं निघालाव?"

"कोन हाय? कुठली इहीर?"

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "आवं, पिच्चरमदली! टेपवर लावलंय मी. तुमच्या मशिनीनं ऐकू येईना म्हनून आलतो."

गल्लीतल्या बायका हसल्या. मी शरमेने घरात शिरले आणि संध्याकाळपर्यंत दार लावून बसले. त्या दिवसापासून मात्र आप्पांनी भिंतीवर टकटक केली की मी मशीन थांबवायची, असं ठरून गेलं.

त्या पिक्चरचं नाव मला कधीच कळलं नाही, आप्पाही त्याला विहिरीचा पिक्चरच म्हणायचे. त्यात एक बाई घागर आणि दोर घेऊन विहिरीवर जाते. पाणी भरायचं की उडी मारायची, हे तिचं तिलाच ठरलेलं नसतं. तेवढ्या वेळात कुणी एक शब्द बोलत नाही, नुसतं संगीत वाजतं. आधी एकटी सारंगी, मग पुष्कळ व्हायोलिनं, मध्ये रहाटाची कुरकुर. मग एकदम सगळं थांबतं. मग पुन्हा सारंगी, आणि ती बाई भरलेली घागर घेऊन घराकडे वळते. एवढंच. आप्पा ते रोज दुपारी लावायचे.

भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. आणि सगळं थांबतं त्या जागी रोज एका बाईचा आवाज यायचा, अगदी जवळून आल्यासारखा.

"आवं, रडायलाव काय तुमी?"

मला वाटायचं, आप्पांची बायको आहे. संगीत ऐकता ऐकता आप्पांचे डोळे भरत असतील आणि ती रोज त्यांना टोकत असेल. बाई कधी बाहेर दिसायची नाही. आजारी असेल, अंथरुणाला खिळलेली असेल, असा मी आपल्या मनाशी अर्थ लावला. संक्रांत आली. मी घरोघरी हळदीकुंकवाचं बोलावणं करत आप्पांच्या दारात गेले. मी खाली बघतच म्हणाले, "आप्पा, काकूंला पाठवा सांजच्याला. चालवत नसंल तर मी हात धरून नेते."

"कोनत्या काकू?"

"तुमच्या मंडळी."

आप्पांच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. "तिला जाऊन लई वर्सं झाली, बाई."

मी विचारलं, "मग रोज बोलतं कोन?"

तेव्हा त्यांनी मला आत बोलावून ती कॅसेट दाखवली, आणि सगळी हकीकत सांगितली.

आप्पा तरुण असताना जत्रेत भांड्यांचं पाल लावायचे. एका वर्षी नारायणगडच्या जत्रेत तंबूत हा विहिरीचा पिक्चर आला. पहिल्या खेळाला आप्पांनी तो पाहिला आणि त्यांचं धंद्यात लक्ष लागेना. ते संगीत घरी न्यायचं तर बाजारात त्याची तबकडी नव्हती. म्हणून त्यांनी शेजारच्या पालवाल्याकडून सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर मागून आणला. दारावरचा माणूस पिशव्या तपासायचा, पण बायकांना हात लावायचा नाही. मग आप्पांनी ते यंत्र बायकोच्या, गिरजाबाईंच्या मांडीवर ठेवलं. एका मांडीवर तान्ही लेक मंगल, दुसऱ्या मांडीवर टेपरेकॉर्डर आणि वरून पदर. बाई लेकराला पाजत असेल म्हणून दारवानाने मान फिरवली.

"तिला म्हनलं, तोंडातून हू का चू काढायचं न्हाई. तोंडात लवंग धराया लावली," आप्पा सांगत होते. "समदा पिच्चर गप बसली, बाई. मांजरावानी गप. आन् नेमकं तिथंच तोंड उघडलं! माझ्याकडं बगितलं आन् मोठ्यानं म्हनली, आवं, रडायलाव काय तुमी? फुडच्या समद्या रांगा हासल्या."

"मग तुमी काय म्हनलाव?"

"काय म्हननार? लाज वाटली. काईच म्हनलो न्हाई. जत्रा उठूस्तोवर तिच्यासंगं बोललोच न्हाई."

मंगल शाळेत जायला लागली आणि गिरजाबाई कावीळ होऊन गेल्या. हे आप्पांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा कॅसेटवर आले. त्यांचा राग बायकोवर नव्हता, पण त्या वाक्यावर मात्र होता. कारण त्यांची खात्री होती, की तिच्या बोलण्याखाली काहीतरी वाजत होतं. यंत्र तिच्या पदराखाली, म्हणून तिचा आवाज सगळ्यात मोठा, आणि खालचं झाकलं गेलं. तंबूतल्या गोंगाटात आधीच्या खेळाला ते नीट कळलं नव्हतं, आणि तो पिक्चर पुन्हा कुठे लागला नाही.

"जलतरंग असनार," ते बोट वर करून म्हणायचे. "लई हळू. पान्यावर थेंब पडल्यावानी. बाई इहिरीत वाकून बगती ना, तवा. संगीत देनारा इतका मोठा मानूस ती जागा मोकळी सोडंल व्हय?"

त्यांच्यासारखेच वेडे अजून होते. सिरसाळ्याचे किसनराव हे त्यातले सगळ्यात जवळचे. त्यांची धान्याची अडत होती, आवाज मोंढ्यात लिलाव करणाऱ्याचा. ते महिन्यातून एकदा एसटीने यायचे आणि दोघं शेजारी शेजारी बसून डोळे मिटून ऐकायचे. किसनरावांचं म्हणणं, खाली बासरी आहे. यावरून दोघं इतके भांडायचे की मला भिंतीपलीकडे भीती वाटायची.

"बासरी हाय बे आप्पा, तुझे कान गेलेत भांडी ठोकून ठोकून!"

"आन् तुझे ज्वारीच्या धुळीनं बुजलेत. जलतरंग."

एवढे जवळचे असून आप्पांनी त्या कॅसेटची नक्कल किसनरावांनाही दिली नव्हती. "समद्या गावात माझं रडनं वाटू काय?" असं म्हणायचे. मंगल परळीला दिलेली. तिने एकदा विचारलं होतं, ही मोबाईलमध्ये भरून घेऊ का. आप्पा म्हणाले, "थांब की. कवा तरी सोच्छ निगंलच. मग ते ने."

आणि खरंच तशी बातमी आली. किसनरावांच्या मोबाईलवर अशा शौकीन लोकांचा एक ग्रुप होता. पुण्याचे, नागपूरचे, कुठले कुठले. त्यावर कुणीतरी कळवलं, की मुंबईत एका बंद गोदामात त्या पिक्चरच्या संगीताची मूळ रिळं सापडली आहेत. ती धुऊनपुसून, खरखर काढून, नुसत्या संगीताची सीडी निघणार. बोलणं नाही, गाणी नाहीत. किसनराव ती बातमी सांगायला फोन न करता स्वतः सिरसाळ्याहून आले. आप्पा ऐकून खालीच बसले.

मग वाट बघणं सुरू झालं. दिवाळीला येणार होती ती गुढीपाडव्यावर गेली. पाडवा गेला, आणि नवं कळलं की रिळाचा एक तुकडा चिकटून बसलाय, तो सोडवायला वेळ लागतोय. ग्रुपवर लोक चिडायचे. फार धुतलं तर सुरांचा जीव जाईल, अशी काहींना धास्ती. आप्पा मात्र म्हणायचे, "धुनारा शाना आसंल तर मळ जातो, रंग न्हाई जात." त्यांनी सीडी वाजवायचा जुना डबा दुरुस्त करून आणला. कपाटात मधल्या फळीवर जागा मोकळी केली. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं आणि आप्पांचं लक्ष कुरियरच्या मोटरसायकलीकडे. तांब्या मागितला की परात दाखवायचे.

या लोकांची एक रीत होती. चांगल्या कोऱ्या कॅसेटी आता मिळत नाहीत. म्हणून एखादं संगीत स्वच्छ मिळालं, की त्याची जुनी खरखरीत कॅसेट पुसायची आणि तिच्यावर दुसरं काही भरून घ्यायचं. आप्पा यात फार कडक होते. "शिळं आन् ताजं एका ताटात ठिवू न्हाई," म्हणायचे. नवं घरात यायच्या आधी जुन्याने उठलं पाहिजे, हा त्यांचा नेम. मी भिंतीपलीकडे राहून हे कितीदा तरी ऐकलं होतं. पण त्या कॅसेटलाही तो नेम लागेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. मला वाटत होतं, ते रोज दुपारी गिरजाबाईंनाच ऐकतात.

सीडी कुरियरच्या ऑफिसात आल्याचा फोन आला त्या दिवशी सकाळी भिंतीतून घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, तुताऱ्या, बंदुका. टीव्हीवर डाकूंचा पिक्चर असेल म्हणून मी ब्लाउजच्या बाह्या लावत बसले.

दुपारी आप्पांनी दुकानाचं शटर ओढून घेतलं. अंघोळ करून कपाळाला विभूती लावली होती. किसनराव पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. आप्पा माझ्या दारात येऊन म्हणाले, "मशीन ठिवा आन् आत या. भितीतून लई ऐकलं. आज म्होरं बसून ऐका." मी दाराच्या चौकटीला टेकून बसले.

सीडी लागली. मला संगीतातलं कळत नाही, पण सारंगी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, इतके दिवस मी हे गोधडीतून ऐकत होते. सारंगीवाल्याचा श्वास ऐकू येत होता. किसनरावांनी मांडीवर थाप मारली. आप्पांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. व्हायोलिनं आली. रहाट कुरकुरला. दोघंही एकदम पुढे वाकले. आता ती जागा.

सगळं थांबलं.

आणि काहीच वाजलं नाही. जलतरंग नाही, बासरी नाही. खरखरसुद्धा नाही. गल्लीतला भाजीवाला ओरडत होता तो तेवढा ऐकू आला. मग पुन्हा सारंगी सुरू झाली.

आप्पांनी डोळे उघडले. मागे घेऊन पुन्हा लावलं. मग आवाज पूर्ण वाढवून लावलं, डब्याला कान लावून ऐकलं. तिथे काही नव्हतंच.

"रिकामं हाय," किसनराव हळूच म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मुद्दाम रिकामं सोडलंय बे त्यानं. बाई इचार करती तिथं. आपून काय वाजवावं, म्हनून गप बसलाय."

"मग मी इतकी वर्सं काय ऐकत व्हतो?" आप्पांनी विचारलं.

आप्पा डब्याकडे बघत राहिले, आणि मग घरात एखादं माणूस दिसेनासं झाल्यावर विचारावं तसं म्हणाले, "गिरजा कुठाय?"

किसनराव म्हणाले, "आरं, सोच्छ केलंय ते. त्यात कशी आसंल? तुझी जुनी क्यासेट आन, तिच्यात हाय."

"पुसली."

"काय?"

"सकाळीच पुसली. तुझे घोडे भरले तिच्यावर. तूच म्हनलतास ना, डाकूच्या पिच्चरचं पायजे म्हनून."

"अबे, पुसली? कावून पुसली? ती तरी पुसायची न्हाई!"

आप्पांनी कपाटातून कॅसेट काढली आणि टेपमध्ये घातली. झाकण लागेना, शेवटी मी उठून लावून दिलं. घोडे पळत होते. आप्पांनी पुढे नेलं. तुताऱ्या. उलटी करून लावली. बंदुका. सगळीभर तेच. मी ती बाई पाहिली नव्हती, तिचं नखही पाहिलं नव्हतं, पण माझ्या समोर कुणीतरी आत्ता मेल्यासारखं मला झालं.

"खाली काई नव्हतं, किसन," आप्पा म्हणाले. "वर व्हती तीच व्हती."

किसनराव पाचच्या गाडीने गेले. पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला राहिला. जाताना ते माझ्या दारापाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, लक्ष ठिवा." त्यांच्या त्या मोठ्या आवाजाचं काय झालं होतं कोण जाणे.

आप्पांनी मंगलला फोन करून सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, मला भिंतीतून ऐकू आलं. मग मंगल म्हणाली, "आप्पा, मला सोच्छ नको व्हतं." आणि फोन बंद झाला.

त्यानंतर दुकान उघडेना. मी डबा दिला की आप्पा घ्यायचे, पण भिंतीतून कसलाही आवाज यायचा नाही. टकटक नाही, सारंगी नाही. मी मशीन चालवायची आणि उगीच मध्येच थांबवायची.

मग एका दुपारी ते दारात आले. दाढी वाढलेली. म्हणाले, "लेकी." याआधी ते मला बाईच म्हणायचे. "लेकी, तू रोज ऐकलंयस. तुला तसं म्हनता येतं का?"

मला कळलं ते काय मागत होते. आणि मी घाबरले. मी चारचौघांत तोंड उघडत नाही. किराणा दुकानात वाण्याने दोनदा विचारल्याशिवाय माझा आवाज निघत नाही. पण ते दारात उभे होते, आणि ज्याने तो आवाज रोज ऐकला असं माझ्याशिवाय त्या गल्लीत कुणी नव्हतं. मी उठले.

आप्पांनी सीडी लावली. सारंगी, व्हायोलिनं, रहाट. ती जागा आली. मी पदर तोंडाशी धरून पुटपुटले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"हळू न्हाई, लेकी. ती हळू बोलली न्हाई म्हनून तर समदे हासले."

पुन्हा लावलं. मी मोठ्याने म्हटलं. आप्पांनी मान हलवली. "शब्द तेच हायेत. पन ती इचारत नव्हती. हासत व्हती. मला हासत व्हती ती." हे म्हणताना त्यांना जणू ते आत्ताच उमगलं होतं. इतकी वर्षं ते त्या वाक्याखालचं ऐकत आले होते. त्या वाक्यातलं हसू त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही कॅसेट पुसल्यावर.

त्यांनी तिसऱ्यांदा लावलं. या वेळी मी डब्याकडे बघितलं नाही. आप्पांकडे बघत होते. सारंगी गेली, व्हायोलिनं गेली, रहाट फिरून थांबला. खोलीत काही उरलं नाही, आणि त्या शांततेत आप्पांच्या पांढऱ्या दाढीवरून पाणी ओघळताना मला दिसलं. नक्कल करायची हे मी विसरून गेले.

"आवं आप्पा, रडायलाव काय तुमी?"

शांतता संपायला थोडा वेळ होता. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होते, जिथे तंबूत बायको बसावी तिथे.

"व्हय," ते म्हणाले. "रडायलोय."

मग सारंगी सुरू झाली.